स्वस्त पिस्तुलाचा भरवसा

(दृश्य: पोलीस ठाण्यातील टेबल. पांढऱ्या कापडावर एक गावठी कट्टा आणि दोन काडतुसे.)

बीड, परभणी, नांदेड किंवा जालना येथील वर्तमानपत्राचे स्थानिक पान उघडले, की एक वाक्य वरचेवर वाचायला मिळते: 'एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त.' बातमी बहुधा तेवढ्यावरच संपते. त्या कट्ट्यातून काडतूस खरोखर उडाले असते का, उडाले असते तर गोळी कोणत्या दिशेने गेली असती, आणि तो धरणाऱ्याचा हात शाबूत राहिला असता का, याची चर्चा कोणी करत नाही. स्वस्तातले पिस्तूल भरवशाचे असते का, हा प्रश्न मात्र अनेकांच्या मनात असतो. आडत दुकानातून रोकड घेऊन रात्री घरी परतणारा व्यापारी तो विचारतो, शेतवस्तीवर एकटे राहणारे कुटुंब विचारते, आणि केवळ कमरेला काहीतरी असावे असे वाटणारा तरुणही विचारतो. या प्रश्नाचे उत्तर आम्ही आधी धातूत शोधले, मग किमतीत आणि शेवटी कायद्यात.

(दृश्य: जालना औद्योगिक वसाहत. भट्टीतून ओतला जाणारा पोलादाचा लाल रस.)

धातूसाठी मराठवाड्यात जालन्याइतके योग्य ठिकाण नाही. येथे भंगार वितळवून पोलाद होते आणि त्याच्या सळया देशभर जातात. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल की प्रत्येक ओतीचा नमुना तपासावा लागतो, कारण दिसायला सारख्या असलेल्या दोन सळयांपैकी एक वाकते आणि दुसरी तडकते. बंदुकीच्या नळीलाही हाच नियम लागू आहे. आपण मोटारीच्या चाकात तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. रिव्हॉल्व्हरमध्ये वापरले जाणारे ०.३२ बोअरचे, म्हणजे साधारण ०.३२ इंच व्यासाचे, काडतूस उडते, तेव्हा दर चौरस इंचाला सुमारे १५,००० पौंडांपर्यंत दाब निर्माण होऊ शकतो, म्हणजे चाकातील हवेच्या चारशे पटींहून अधिक. ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी ही मर्यादा ३५,००० पौंड आहे. हा दाब डोळ्याचे पाते लवण्याच्या आत निर्माण होतो, आणि त्या वेळी तो धातू आपल्या तळहातात, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो.

म्हणूनच अधिकृत कारखान्यात तयार झालेल्या शस्त्राची दाबचाचणी केली जाते. नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस मुद्दाम उडवले जाते, नळी आणि काडतुसाची खोली तपासली जाते, आणि ती टिकली तरच शस्त्रावर खूण उमटवली जाते. लंडनच्या बंदूककारांच्या संघटनेला १६३७ मध्ये सनद मिळाली, आणि या चाचणीची परंपरा तितकी जुनी आहे. गावठी कट्ट्यावर अशी खूण नसते. नळी कोणत्या धातूची आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. काडतूस खोलीत सैल बसले, तर पितळी पुंगळी फाटून तापलेला वायू मागे येतो. नळीच्या आत आटे नसतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत नाही आणि पाच-दहा पावलांवरही भरकटते. चुकून गोळी सुटू नये म्हणून असणारी कळ, म्हणजे सेफ्टी, बहुधा नसतेच. कट्टा कमरेला खोचणाऱ्याच्या मांडीत गोळी शिरल्याच्या घटना याच कारणाने घडतात. कट्टा एकदा चालला, म्हणून तो दुसऱ्यांदा चालेल असे मानण्यास कोणताही आधार नाही.

कट्टा स्वस्त असल्यामुळे फसवा ठरतो, असे म्हणून मात्र प्रश्न सुटत नाही. कमी किंमत आणि कमी भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे अमेरिकेच्या उदाहरणावरून चांगले कळते.

(दृश्य: अमेरिकेतील शस्त्रविक्रीच्या दुकानाची जुनी छायाचित्रे.)

अमेरिकेने १९६८ मध्ये कायदा करून परदेशातून येणाऱ्या लहान, स्वस्त पिस्तुलांवर बंधने घातली. ती पोकळी भरून काढण्यासाठी कॅलिफोर्नियात काही कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये सुरू झालेली रेव्हन, पुढे जेनिंग्ज, ब्रायको, लॉर्सिन ही त्यांतली नावे. या पिस्तुलांचे मुख्य भाग जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असत. पोलाद वितळायला चौदाशे अंशांहून अधिक तापमान लागते, तर हा मिश्रधातू चारशे अंशांच्या आत वितळतो. त्यामुळे उत्पादन सोपे आणि स्वस्त होते, पण झीज लवकर होते. ब्रायकोच्या एका पिस्तुलाची रचना अशी होती, की आतले काडतूस काढण्यासाठी आधी सेफ्टी उघडावी लागे. १९९४ मध्ये असे पिस्तूल रिकामे करताना गोळी सुटली आणि सात वर्षांच्या एका मुलाला कायमचे अपंगत्व आले. २००३ मध्ये ज्युरीने ठरवलेल्या भरपाईपैकी सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचा भार कंपनी आणि तिच्याशी संबंधितांवर पडला आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. किंमत कमी करताना नेमके काय कापले गेले, हे या उदाहरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

त्याच देशात ओहायो राज्यातील हाय-पॉइंट ही कंपनीही आहे. तिच्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची किंमत वर्षानुवर्षे दोनशे डॉलरच्या आत राहिली. त्यातही जस्ताचा मिश्रधातू आहे, पण नळी पोलादाची आहे. गोळी बाहेर पडेपर्यंत मागचा भाग अडकवून ठेवणाऱ्या कोणत्याही खिट्टीशिवाय, निव्वळ स्वतःच्या वजनामुळे जागेवर राहतो. म्हणून हे पिस्तूल जड आहे, सुमारे ८२० ग्रॅमचे, आणि दिसायला ओबडधोबड आहे. तरीही ते बहुतेक वेळा चालते आणि कंपनी त्याची आयुष्यभर दुरुस्ती करून देते. रचना साधी ठेवली, वजन स्वीकारले आणि दिसण्यावरचा खर्च वाचवला, तर कमी किमतीतही विश्वासार्ह शस्त्र तयार होऊ शकते, हे मान्य करावे लागते.

उलट बाजूही आहे. ब्राझीलच्या तॉरस कंपनीच्या नऊ प्रकारच्या पिस्तुलांतून खाली पडल्यावर गोळी सुटू शकते, असा दावा अमेरिकेत करण्यात आला आणि २०१५ मध्ये सुमारे दहा लाख पिस्तुलांबाबत तडजोड झाली. सिग सावरची पी-३२० ही तर महाग आणि नावाजलेली मालिका, पण २०१७ मध्ये पिस्तूल खाली पाडून केलेल्या चाचण्यांनंतर तिच्या चापाच्या यंत्रणेत कंपनीला बदल करून द्यावे लागले. त्यामुळे किमतीची चिठ्ठी पाहून भरवसा ठरवता येत नाही. तो रचनेवर, चाचणीवर आणि दोष सापडल्यावर जबाबदारी घेणारा कोणी आहे का, यावर ठरतो. कट्ट्याच्या बाबतीत या तिन्ही जागा रिकाम्या आहेत.

(दृश्य: जिल्हाधिकारी कार्यालयाचा व्हरांडा. फाइली घेऊन बसलेले अर्जदार.)

आता आपल्याकडचे चित्र पाहू. कायदेशीर आणि स्वस्त असे पिस्तूल भारतात जवळपास मिळतच नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. ९ मिलिमीटरसारखी काडतुसे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. त्यामुळे हातात धरण्याच्या शस्त्रांमध्ये प्रामुख्याने ०.३२ बोअरची रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले उरतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खासगी व्यक्तींसाठी आयातही जवळपास बंद झाली. म्हणून सरकारी कारखान्यांना फारशी स्पर्धा राहिली नाही, आणि जुनी परदेशी पिस्तुले मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने हातोहात फिरत राहिली. कानपूरच्या कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये महिलांसाठी 'निर्भीक' हे साधारण अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन विकणाऱ्या शेतकऱ्याने हा आकडा आपल्या पोत्यांत मोजून पाहावा.

जुन्या सरकारी रिव्हॉल्व्हरची रचना ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरवरून घेतलेली आहे. वरची कडी उघडली की नळी पुढे झुकते आणि पुंगळ्या बाहेर पडतात. ते देखणे नाही, पण काडतूस उडाले नाही तर पुन्हा चाप ओढताच पुढचे काडतूस समोर येते. अडकलेले पिस्तूल मोकळे करण्याचा सराव नसलेल्या माणसासाठी हा गुण मोठा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल' या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे चक्र बाजूला उघडते.

नवे परवडत नाही म्हणून अनेक जण जुने घेतात. परवानाधारक विक्रेत्याकडून आणि परवान्यावर रीतसर नोंद करून घेतलेले जुने रिव्हॉल्व्हर वाईट नसते, मात्र ते नीट पाहावे. आधी ते रिकामे आहे याची स्वतः खात्री करावी. घोडा ताणल्यावर चक्र हाताने हलवून पाहावे. ते डुगडुगत असेल, तर काडतूस आणि नळी एका रेषेत येत नाहीत आणि शिशाचे कण बाजूने उडतात. नळीला कोठे पोट आले आहे का, आतले आटे झिजले आहेत का, आणि सांध्यात खेळ आहे का, हे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे. त्या तपासणीचे पैसे वाचवणे ही चुकीची काटकसर आहे.

किंमत चुकती केल्यावरही खर्च चालूच राहतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. काडतुसे मोजून मिळतात, आणि सरावासाठीची जागा बहुतेक तालुक्यांत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. परिणामी आपल्याकडे बहुसंख्य रिव्हॉल्व्हर कपाटात राहतात आणि वर्षानुवर्षे एकही गोळी उडवत नाहीत. तेल वाळून गेलेले रिव्हॉल्व्हर आणि थरथरणारा हात एकत्र आले, तर लाखाचे शस्त्रही कट्ट्याइतकेच बेभरवशाचे ठरते. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न राज्यासमोर आला. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने होते, आणि समाजमाध्यमांवर पिस्तुले मिरवणारी छायाचित्रे फिरत होती. या मिरवण्याने मराठवाड्याचे फार नुकसान केले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे केली. कट्ट्याच्या किमतीत ही वर्षेही धरली पाहिजेत.

रानडुकरांमुळे हैराण झालेल्या शेतकऱ्यासाठी पिस्तूल निरुपयोगी आहे. पीकसंरक्षणासाठी कायद्याने भरमार, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरण्याच्या, बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद केली आहे. अर्थात ती बंदूक हाती असली, तरी रानडुकरावर झाडण्यापूर्वी वनविभागाचे नियम पाळावे लागतात.

(दृश्य: दहा मीटरची नेमबाजी रेंज. कागदी लक्ष्य, हात स्थिर करणारी मुलगी.)

कमी किमतीचे पिस्तूल खरोखर घेण्याजोगे असते, ते या ठिकाणी. हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर पिस्तुलाची गोळी, म्हणजे छर्रा, ४.५ मिलिमीटरची असते, आणि दहा मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. स्पर्धेसाठीची जर्मन, ऑस्ट्रियन आणि स्विस बनावटीची पिस्तुले महाग आहेत, पण सुरुवात करणाऱ्याला त्यांची गरज नाही. साधे भारतीय पिस्तूल चालते, मात्र त्याचा चाप दर वेळी सारख्याच दाबावर सुटला पाहिजे आणि गोळीचा वेग एकसारखा राहिला पाहिजे. हे तपासण्याची रीत सोपी आहे: पिस्तूल टेबलावर टेकवून दहा गोळ्या एकाच बिंदूवर झाडाव्यात आणि छिद्रे किती जवळ पडतात ते पाहावे. छिद्रांचा पुंजका लहान असेल, तर पिस्तूल घ्यावे. तो विखुरलेला असेल आणि दुसऱ्या प्रकारच्या छऱ्यांनीही सुधारत नसेल, तर विक्रेत्याला ते तिथेच परत द्यावे.