परवान्याचा डॉलर कुठे गेला?

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत रायफल-काडतुसांच्या कारखानदाराला विक्रीवर ११ टक्के केंद्रीय अबकारी कर भरावा लागतो. गळ-दोरीच्या बहुतेक सामानावर १० टक्के. १९३७ आणि १९५० च्या कायद्यांमुळे हा पैसा राज्यांच्या वन्यजीव व मत्स्य खात्यांना अनुदान म्हणून मिळतो. राज्याने आधी खर्च करायचा, मग ७५ टक्क्यांपर्यंत परतावा मागायचा. या खर्चाची तपासणी केंद्राच्या इंटिरियर खात्याच्या, म्हणजे सरकारी जमिनी आणि वन्यजीव सांभाळणाऱ्या खात्याच्या, महानिरीक्षकांचं कार्यालय करतं.

बिलं, व्हाउचर तर तपासली जातातच. खरी मेख असते राज्याच्या २५ टक्के हिश्श्यात. शिकार-प्रशिक्षण वर्गात स्वयंसेवक फुकट शिकवतात, त्यांच्या तासांचं मोल राज्य स्वतःचा हिस्सा म्हणून दाखवतं. नियमात ते बसतं. पण हजेरीपत्रकावर सही नाही, किंवा तासाचा दर मनाने लावलेला, असं निघालं की ते तास बाद. १,००० डॉलरचे तास बाद झाले आणि दुसरा हिस्सा दाखवता आला नाही, तर त्यावर उचललेले ३,००० डॉलरही अडचणीत येतात. कागद एक, फटका चौपट!

दुसरी जागा परवानाधारकांची संख्या. वन्यजीव अनुदानाची मुख्य वाटणी निम्मी क्षेत्रफळावर, निम्मी शिकार-परवानाधारकांवर होते. एकाच माणसाने हरणाचा आणि बदकाचा असे दोन परवाने घेतले, तरी तो एकदाच मोजायचा. म्हणून लेखापरीक्षक परवान्यांची मूळ यादीच मागतो आणि नाव, जन्मतारीख जुळवून दुबार नोंदी शोधतो.

जमिनीचंही तसंच. अनुदानातल्या अभयारण्याची शेतजमीन वाट्याने कसायला दिली जाते. शेतकरी खंड देत नाही, थोडं पीक पाखरांसाठी उभं ठेवतो. रोकड आली नाही म्हणून नोंदच होत नाही. लबाडीपेक्षा हा विसरभोळेपणाच जास्त, पण त्या पिकाची किंमत काय आणि करार कुठे, हे विचारलं जातंच.

सगळ्यांत गंभीर आक्षेप म्हणजे शिकार-मासेमारीचं परवाना शुल्क, जे वन्यजीव व मत्स्य खात्याच्याच कामाला वापरायचं असतं, ते दुसरीकडे वळवणं. त्या पैशातून घेतलेली गाडी उद्यान खात्याने वापरली, तर गाडीची लॉगबुकं आणि चालकांची टाइमशीट शेजारी ठेवून तपासतात. शुल्क वळवल्याचं ठरलं, तर ते भरून देईपर्यंत राज्याचं अनुदान थांबू शकतं.