शेजारी उभं राहून शिकायची विद्या

(पडद्यावर : पांढऱ्या कापडाने झाकलेला चेहरा, फक्त उजवी बाजू उघडी. हातमोजा घातलेला हात जांभळ्या मार्करने दोन ठिपके देतो.)

कानाच्या भोकापुढे कूर्चेचा एक लहानसा उंचवटा असतो. त्याच्या अर्धा सेंटिमीटर खाली एक ठिपका. भुवईच्या बाहेरच्या टोकापासून दीड सेंटिमीटर वर दुसरा. आता हे दोन ठिपके जोडायचे.

ही पितांगी रेघ. ब्राझीलचे प्लास्टिक सर्जन इव्हो पितांगी यांनी १९६६ साली ती मांडली. कातडीच्या आत, साधारण याच वाटेने, चेहऱ्याच्या नर्व्हची एक फांदी कपाळाकडे जाते. ती तुटली तर त्या बाजूची भुवई वर जात नाही. मग माणूस आश्चर्याने बघतो तेव्हा अर्ध्याच चेहऱ्यावर आश्चर्य उमटतं.

टेबलाभोवती उभे असलेले सगळे आपापल्या देशात रोज ऑपरेशन करणारे सर्जन आहेत. देहदानातून मिळालेल्या या चेहऱ्यासमोर ते पुन्हा विद्यार्थी झाले आहेत.

(पडद्यावर : कात्रीची टोकं, अगदी जवळून.)

फेसलिफ्ट म्हणजे कातडी ओढून शिवणं, असा समज अजून आहे. नुसती कातडी ओढली तर ती पुन्हा सैल पडते आणि कानाजवळचा व्रण ताणून रुंद होतो. खरं काम कातडी आणि चरबी यांच्या खाली असतं. तिथे एक चिवट पडदा आहे, सर्जन मंडळी त्याला ‘स्मास’ म्हणतात. स्वीडनचे टॉर्ड स्कूग यांनी कातडी आणि हा थर एकत्र उचलायची पद्धत १९७४ साली पुस्तकातून मांडली. दोन वर्षांनी फ्रान्समधल्या मिट्झ आणि पेरोनी यांनी थराची रचना नीट उलगडून सांगितली. आज हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं.

आत्ता काय चाललंय ते बघा. शिकणारीने मिटलेली कात्री आत घातली, आत गेल्यावर हळूच उघडली, मग तशीच बाहेर काढली. टोकं वर, कातडीच्या बाजूला. शिकवणारे सर काही बोलत नाहीत. त्यांनी तिच्या मनगटावर एक बोट ठेवलंय. तिचा जोर वाढला की बोट दाबतं, हात सैल झाला की बोट हलकं होतं. कापायचं नाही, थर मोकळा करत जायचा. गालाच्या हाडाच्या कमानीपाशी पोहोचल्यावर ती थांबते, कारण इथे नर्व्ह आणि कात्री यांच्यात जेमतेम काही मिलिमीटर उरतात. सर मान हलवतात. ती पुन्हा कात्री घेते, या वेळी आणखी सावकाश.

किती जोर म्हणजे जास्त, हे कोणत्याही पुस्तकात लिहिता आलेलं नाही. कॅमेऱ्यातही ते येत नाही. त्यासाठी दोन माणसं एका टेबलाशी उभी राहावी लागतात, आणि त्यातल्या एकाने आपल्याला येतं ते दुसऱ्याला द्यायचं ठरवावं लागतं. आमची ही फिल्म त्या देण्याबद्दल आहे.

सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत हे देणं जास्तच महत्त्वाचं आहे, असं आम्हाला वाटतं. इथे येणारा माणूस धडधाकट असतो. त्याला ना गाठ झालेली असते, ना त्याचं हाड मोडलेलं असतं. तो स्वतःच्या पायांनी चालत येतो आणि स्वतःच्या चेहऱ्यावर सुरी चालवायची परवानगी देतो. अशा माणसाच्या बाबतीत ‘प्रयत्न केला, पण नाही जमलं’ हे उत्तर चालत नाही.

(पडद्यावर : जुनं कोरीव चित्र. डोक्याला फेटा, कपाळावर व्रण, नवं नाक.)

सीमा ओलांडून आलेल्या विद्येचं हे गाजलेलं पान. ऑक्टोबर १७९४, लंडनचं ‘जंटलमन्स मॅगझिन’. चित्रातल्या माणसाचं नाव कावसजी. इंग्रजी फौजेत तो बैलगाडी हाकायचा. १७९२च्या लढाईत टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती लागला आणि नाक व एक हात गमावून परतला. साधारण वर्षभर तो बिननाकाचा होता. मग पुण्याजवळच्या एका कारागीर जातीच्या माणसाने त्याला नाक करून दिलं. क्रूसो आणि फिंडले हे ईस्ट इंडिया कंपनीचे दोन डॉक्टर तिथे हजर होते.

त्यांनी जे पाहिलं ते त्या पानावर बारकाईने छापलेलं आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याला नाकाचा आकार दिला. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ काढली. रेघेच्या आतली कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधे एक लहान पट्टी तशीच जोडलेली ठेवली, रक्तपुरवठा चालू राहावा म्हणून. कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवस त्याला हात लावला नाही. पंचवीस दिवसांच्या सुमाराला मधली पट्टी कापली.

लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी ही पद्धत मनावर घेतली. हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडे चौकशी केली, मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली पहिलं ऑपरेशन केलं. १८१६ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि दोनच वर्षांनी जर्मनीत फॉन ग्रेफे यांचं. कपाळाची कातडी खाली वळवून नाक करण्याला सर्जन आजही ‘इंडियन मेथड’ म्हणतात.

रुग्णाचं, पाहणाऱ्या डॉक्टरांचं, चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचं, सगळ्यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्याच्या हातात सुरी होती त्याचं नाव त्या पानावर नाही. दोन देशांच्या सहकार्याबद्दल बोलताना ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. शिकवणाऱ्याचं नाव शेवटपर्यंत टिकलं पाहिजे, मग तो कुठल्या का देशाचा असेना.

(पडद्यावर : काळी-पांढरी छायाचित्रं. रुग्णालयाच्या बागेतले बाक, पट्ट्या बांधलेले सैनिक.)

पहिलं महायुद्ध. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला हॅरोल्ड गिलीज हा तरुण कानघशाचा डॉक्टर. पॅरिसमध्ये त्याने इपोलित मोरेस्तां या सर्जनना गालावरची गाठ काढून जवळची कातडी सरकवत जखम बंद करताना पाहिलं आणि त्याला आपलं काम सापडलं. पुढे मोरेस्तां यांनी त्याला ऑपरेशन बघायला आत येऊ दिलं नाही असं सांगतात. गिलीजने मात्र उलटं केलं. १९१७ साली इंग्लंडमधल्या सिडकप इथे रुग्णालय उभं राहिलं तेव्हा ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या तुकड्या एकाच आवारात काम करत होत्या. दंतवैद्य, भूलतज्ज्ञ आणि चित्रकार सर्जनच्या बरोबरीने उभे असायचे. पाच हजारांहून अधिक जखमींवर तिथे उपचार झाले.

पुढची कडी ब्राझीलची. अमेरिका, फ्रान्स आणि इंग्लंड इथे शिकताना पितांगी यांनी गिलीज यांच्याकडेही धडे घेतले. रिओला परतल्यावर सांता कासा या धर्मादाय रुग्णालयात त्यांनी वॉर्ड चालवला आणि पदव्युत्तर शाळा काढली. डिसेंबर १९६१मध्ये रिओजवळच्या नितेरोई शहरात सर्कशीच्या तंबूला आग लागली, शेकडो माणसं गेली, आणि भाजलेल्यांवर उपचार करायला पितांगी धावले. त्यांच्या शाळेत जगभरातून शेकडो सर्जन येऊन शिकून गेले. पैसेवाल्यांना मिळतं ते सौंदर्य गरिबालाही मिळालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. त्यावर वाद झाले, आजही होतात. पण वॉर्डात आलेल्या गरीब बाईच्या पोटावरचा टाका आणि खासगी क्लिनिकमधल्या बाईचा टाका सारख्याच काळजीने घालायला तिथला विद्यार्थी शिकला, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

(पडद्यावर : परिषदेचं सभागृह. मोठ्या पडद्यावर थेट शस्त्रक्रिया, कानाला दुभाषांचे हेडफोन.)

१९७० साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात ‘आयसॅप्स’ ही सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सर्जनांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. परिषदा, देशोदेशी अभ्यासक्रम, फेलोशिप आणि दुसऱ्या देशात जाऊन शिकवणारे पाहुणे प्राध्यापक, असं तिचं काम चालतं. २०२३च्या तिच्या पाहणीत जगभरच्या सौंदर्योपचारांचा अंदाज सुमारे साडेतीन कोटी होता. त्यात शस्त्रक्रिया दीड कोटीहून जास्त.

पडद्यावर नाकाचं ऑपरेशन सुरू आहे. इस्तंबूल, सोल, साओ पावलो अशा ठिकाणांहून आलेले सर्जन बघताहेत. आतून थोडं रक्त आलं. सर्जनने बोलणं बंद केलं. संचालन करणाऱ्या बाईंनी लगेच हात वर करून प्रश्न थांबवले, आणि कापसाची पट्टी आत ठेवून सर्जनने दाब दिला. रक्त थांबलं, तेव्हाच प्रश्न पुन्हा सुरू झाले. बाईंचा तो हात फार मोलाचा. टेबलावरच्या माणसाआधी प्रेक्षक येत असतील तर असं थेट प्रक्षेपण बंद केलेलं बरं.

याच सभागृहात एक जुनी सवय मोडताना दिसते. नाकाचा, पापणीचा, हनुवटीचा एकच साचा घेऊन जगभर फिरायची सवय. जपानमध्ये मिकामो या डॉक्टरांनी दुहेरी पापणीची, म्हणजे वरच्या पापणीवर घडी आणायची, शस्त्रक्रिया १८९६ सालीच प्रसिद्ध केली होती. मूळ पापणीची ओळख न पुसता घडी कशी आणायची, हे पूर्व आशियातल्या सर्जनांकडूनच शिकावं लागतं. काळ्या-सावळ्या कातडीवर व्रण जाड होऊन वाढायचा धोका जास्त असतो. त्याचा अनुभव आफ्रिकेतल्या आणि दक्षिण आशियातल्या डॉक्टरांच्या गाठीशी आहे. तेव्हा शिकवणारा नेहमी श्रीमंत देशाचा आणि शिकणारा गरीब देशाचा, हा क्रम आता तरी सुटावा.

आणखी एक अडचण आहे. परदेशी फेलोशिपवर गेलेल्या डॉक्टरला पुष्कळ देशांत स्थानिक परवान्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. तो नुसता बघतो. नियम योग्यच आहे. पण म्हणूनच देहदानाच्या टेबलाला इतकी किंमत आहे. दोन दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून तिसऱ्या दिवशी ऑपरेशनला सुरुवात करणारेही आहेत. अशा प्रमाणपत्रावर ‘केवळ उपस्थिती’ असं ठळक छापायला हवं.

(पडद्यावर : अंधारलेलं सभागृह. पडद्यावर नितंबाच्या आडव्या छेदाची आकृती. कातडी, चरबी, स्नायू.)

हे सत्र बघायला जागा उरली नव्हती. विषय गुंतागुंतीचा, आणि सगळ्यांनी मिळून काय शोधलं त्याचा.

पोटावरची किंवा मांड्यांवरची चरबी काढून ती नितंबात भरायची शस्त्रक्रिया जगभर पसरली आणि माणसं दगावू लागली. एकेका सर्जनला एखादीच केस दिसते. त्यातून काही कळत नाही, आणि दोष झाकायचा मोह होतो. २०१५ साली मेक्सिको आणि कोलंबियाच्या सर्जनांनी आपल्या देशांतले असे २२ मृत्यू एकत्र मांडले. शवविच्छेदनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. चरबी स्नायूच्या आत गेलेली होती. तिथल्या मोठ्या शिरा दुखावल्या की चरबी त्यांच्यातून हृदयात आणि फुप्फुसांत जाते, आणि मग कोणाच्या हातात काही राहत नाही.

पुढे सर्जनांच्या अनेक संस्थांनी मिळून कृतिगट नेमला. २०१८ साली सर्जनांना सूचना गेली : चरबी कातडीखालच्या थरातच भरा, स्नायूत कदापि नाही. धोका तीन हजारांत एका मृत्यूइतका असू शकतो, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. कॅन्युला, म्हणजे चरबी भरायची पोकळ नळी, चार मिलिमीटरहून जाड घ्या, म्हणजे ती सहज वाकणार नाही. टोक कुठे आहे याचं भान क्षणभरही सोडू नका. आता पुष्कळ सर्जन सोनोग्राफीच्या पडद्यावर टोक बघत काम करतात. आकृतीवर दाखवलाय तो कोन बघा. कॅन्युलाचं टोक थोडं वर, कातडीकडे. खाली झुकलं की स्नायू.

२२ मृत्यू त्या देशांतल्या डॉक्टरांनी दडवले असते तर ही आकृती आज या पडद्यावर नसती.

छातीच्या इम्प्लांटचं, म्हणजे स्तनांत बसवायच्या सिलिकॉनच्या पिशव्यांचंही असंच. फ्रान्समधल्या एका कंपनीने औद्योगिक सिलिकॉन वापरल्याचं २०१०मध्ये उघड झालं, खरबरीत इम्प्लांटभोवती होणाऱ्या लिम्फोमा या दुर्मिळ कर्करोगामुळे २०१९मध्ये काही इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली. असंख्य बायकांना पुन्हा ऑपरेशनला सामोरं जावं लागलं.

(पडद्यावर : संगणकावर भरला जाणारा फॉर्म. इम्प्लांटचा क्रमांक, तारीख, बाजू.)

अशा प्रकरणांनी नोंदवह्यांची गरज दाखवली. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या इम्प्लांटच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवायचं काम सुरू झालं. क्रमांक, पृष्ठभाग, कोणत्या थरात बसवलं, परत का काढलं. सगळीकडे रकाने सारखे असतील तर एका देशात दहा वर्षांत कळायचं ते दहा देशांत मिळून वर्षभरात कळू शकतं. फॉर्म भरायला काही मिनिटं लागतात. जिथे तो अजून ऐच्छिक आहे तिथे तो सक्तीचा करावा, हे आम्ही उघडपणे म्हणतो.

पहिल्या टेबलाशी कात्री धरून शिकणारी ती सर्जन आता आपल्या गावच्या रुग्णालयात परतली आहे. महिन्यातून एकदा त्या टेबलाभोवतीचे सगळे ऑनलाइन भेटतात. सर त्यात असतात. बैठकीचा क्रम त्यांनीच ठरवून दिलाय : आधी बिघडलेल्या केसेस, रुग्णाच्या परवानगीने, फोटोंसकट. वेळ उरला तर बाकीच्या.