पन्नासाव्या वर्षाचा कायदा

श्रोतेहो, नमस्कार.

बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचं पुस्तक आहे. त्याच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीच्या व्यवहाराचे नियम दिलेत, आणि ते तलाठ्याच्या दप्तरात शोभावेत इतके रोखठोक आहेत. दर पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. कर्जापायी दुसऱ्याच्या घरी राबणारा माणूस मोकळा व्हायचा. मग जमिनीचा भाव कसा ठरवायचा? पुढच्या योबेलपर्यंत किती पिकं निघतील ते मोजून. वर्षं जास्त उरली असतील तर किंमत जास्त, कमी उरली तर कमी. जमीन देवाची, माणूस तिच्यावर उपरा; विकायची ती फक्त पिकं. तटबंदीच्या गावातलं घर मात्र या नियमातून वगळलेलं. ते वर्षभरात सोडवून घेतलं नाही तर कायमचं गेलं. पोटापाण्याचं साधन माणसाच्या हातून कायमचं जाता कामा नये, असा त्यामागचा विचार मला दिसतो.

हे नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात दर सातव्या वर्षी कर्ज सोडायला सांगितलंय, आणि लगेच बजावलंय की सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला उसनं देताना हात आखडू नका. पुढे नेमकं तेच झालं. लोक कर्ज देईनात आणि गरिबाचीच अडचण झाली. तेव्हा हिल्लेल या ज्यू धर्मगुरूंनी तोड काढली, की कर्जखतं न्यायालयाच्या हवाली करावीत, म्हणजे ती सातव्या वर्षी बुडणार नाहीत. कर्जमाफीने पतपुरवठा आटतो, हा बँकवाल्यांचा आक्षेप दोन हजार वर्षांपूर्वीही खराच होता. नीतीची बाजू मांडणाऱ्याने तो झटकून टाकू नये.

आता विसाव्या शतकाच्या अखेरीस येऊ. १९७० च्या दशकात आफ्रिकेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांना सढळ हाताने कर्जं मिळाली. पुढे डॉलरचे व्याजदर चढले, तांबं आणि कॉफीचे भाव पडले, आणि हप्ते फेडता फेडता शाळा-दवाखान्यांना पैसा उरेना. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे मार्टिन डेंट आणि निवृत्त मुत्सद्दी बिल पीटर्स यांनी योबेलची कल्पना उचलली. २००० साल येतंय, तेव्हा गरीब देशांचं न फिटणारं कर्ज एकदा सोडून द्या, ही त्यांची मागणी. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅममध्ये बड्या आठ राष्ट्रांची परिषद चालू असताना सुमारे सत्तर हजार माणसांनी हातात हात घालून शहराच्या मध्यभागाला कडं केलं. त्यात गावोगावच्या चर्चमधून बसने आलेली, कधी मोर्चात न गेलेली माणसं खूप होती. पुढच्या वर्षी कोलोनच्या परिषदेत माफीची योजना वाढवली गेली. नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या त्या योजनेतून आजवर ३७ देशांना सुमारे ७६ अब्ज डॉलरचा दिलासा मिळालाय. नाणेनिधीच्या अटी मात्र जाचक होत्या, आणि त्या पुऱ्या करण्यात काही देशांची वर्षानुवर्षं गेली.

युगांडाचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि पटावरची मुलं सुमारे तीस लाखांवरून पन्नास लाखांच्या पुढे गेली. माफीतून वाचलेला पैसा १९९८ पासून एका वेगळ्या निधीत जाऊ लागला. त्याआधी काय चालायचं? शाळांसाठी निघालेल्या अनुदानातला मोठा वाटा वाटेतच जिरायचा. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात शाळेपर्यंत सरासरी जेमतेम १३ टक्के पोचत होते. मग कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सुटले ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेला किती मिळाले ते शाळेच्या फलकावर लावायला सुरुवात झाली. पालकांना येता-जाता तो आकडा वाचता आला. कर्ज सोडणं ही दया झाली, पण फलकावरचा आकडा हा न्याय होता, आणि मला दोन्हींची गरज वाटते.

झांबियाची गोष्ट वेगळी आहे. त्या देशाने १९७९ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी रुमानियाकडून सुमारे दीड कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं. १९९९ मध्ये एका खासगी कंपनीने ते थकलेलं कर्ज तेहतीस लाख डॉलरच्या आसपास विकत घेतलं, आणि लंडनच्या कोर्टात साडेपाच कोटींचा दावा लावला. २००७ मध्ये कोर्टाने दीड कोटीच्या वर रक्कम मंजूर केली. आपल्याकडे दामदुपटीचा नियम आहे: वसुलीच्या वेळी व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यानंतर १८७९ च्या कायद्याने कोर्टाला कर्जाचा मुळापासून हिशेब तपासायचा अधिकार दिला. देशादेशांमधल्या कर्जाला असं संरक्षण नव्हतं. अखेर २०१० मध्ये ब्रिटनच्या संसदेने कायदा केला, की माफीच्या योजनेतल्या देशाकडून कोणताही सावकार ठरलेल्या प्रमाणाबाहेर वसुली करू शकणार नाही. बेल्जियमने २०१५ मध्ये असाच कायदा केला.

ख्रिस्ती नीती कायद्यात आली की भलंच होतं, असं मी म्हणणार नाही. इंग्रजांनी १८६९ मध्ये आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा कायदा केला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र बहुतेक वेळा व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. तोपर्यंत कितीतरी बायका नुसता मार खात नांदल्या. एका कायद्यात नीतीचं ओझं सावकारावर पडलं, दुसऱ्यात घरातल्या दुबळ्या माणसावर. मी कायदा याच कसोटीवर तोलतो.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये झांबियाचा हप्ता पुन्हा थकला. या वेळचे धनको वेगळे होते: चीन आणि रोखे घेणारे खासगी गुंतवणूकदार. असे रोखे बहुतेक इंग्लंडच्या किंवा न्यूयॉर्कच्या कायद्याखाली निघतात, आणि ब्रिटनचा २०१० चा कायदा फक्त जुन्या कर्जांना लागू आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या योबेल वर्षासाठी गरीब देशांची कर्जं सोडायचं आवाहन केलं होतं. नव्या रोख्यांनाही तोच नियम लागू करा, ही मागणी घेऊन चर्चच्या मंडळ्यांनी बर्मिंगहॅमसारखंच लंडन आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उतरावं, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाने त्यांना साथ द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

नमस्कार.