फेब्रुवारीचे तीनशे रुपये

(दृश्य: पगाराची पावती. एक बोट एका ओळीवर थांबतं.)

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून महिन्याला २०० रुपये कापले जातात. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. पावतीवर लिहिलेलं असतं 'व्यवसाय कर'. तो कशासाठी, हे ऑफिसात आता कुणी विचारतही नाही. १९७५ साली हा कर बसवला, तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम देता यावं म्हणून. थोडक्यात, फोर्टातल्या कारकुनानं माणदेशातल्या मजुराच्या हजेरीपटाला हातभार लावायचा.

(दृश्य: माळरान. पाझर तलावाचा बांध.)

या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तो मांडला. मग आला बहात्तरचा दुष्काळ. जुन्या माणसांपुढे नुसतं 'बहात्तर' म्हणा, पुढचं ती सांगतात: मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची भाकर, सुकडी, खडी फोडायचं काम. मे १९७३ मध्ये राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती.

पाऊस आला. माणसं शिवारात परतली, पण काम मागायला शिकून परतली. डाव्या आणि समाजवादी संघटनांनी मोर्चे काढून हा धागा तुटू दिला नाही. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर बेकारी भत्ता.

(दृश्य: टिकाव, फावडी, घमेली. डोईवर चुंबळ घेतलेल्या बाया.)

कामावर बायाच जास्त दिसायच्या. गडी ऊसतोडीला नाहीतर मुंबईला गेलेला. शेतावर बाईचा रोज गड्यापेक्षा कमी, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. इथं माप घ्यायचे खणलेल्या मातीचं, आणि माती कुणी खणली यावर दर बदलत नसे. कायद्यात तान्ह्या लेकरांसाठी पाळणाघराची सोय होती. बांधावर असायची बाभळीला टांगलेली झोळी. तरी बाया येत राहिल्या. शेताच्या मालकानं रोज वाढवायला नकार दिला, तर "मग आम्ही रोजगार हमीवर जातो" असं म्हणता येऊ लागलं. माझ्या मते या योजनेनं बांधलेल्या सगळ्या तलावांपेक्षा हे एक वाक्य मोठं आहे.

तलावांचं म्हणाल, तर काही अजून पाणी धरतात, बरेच गाळानं भरले. मुरमाचे रस्ते दोन पावसाळ्यांत उखडले. मस्टरवर खोटी नावं चढली. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं झाड, हा विनोद तर गावोगाव.

पण खरी मेख वेगळी होती. पाझर तलावाचं पाणी झिरपायचं ते खालच्या अंगाच्या विहिरींत. विहीर त्याची, ज्याची जमीन. खणणाऱ्यांतल्या अनेकांना तर गुंठाभरही नव्हती. १९९० नंतर फळबाग लागवड या योजनेला जोडली. कोकणातल्या कातळावर आंबा-काजू उभे राहिले, सांगोल्याच्या माळावर डाळिंब पिकलं. दुष्काळी म्हणून हिणवलेल्या तालुक्यात बंगले झाले. ते पाहून बरं वाटतं. फक्त तिथंही सातबारा लागत होताच.

(दृश्य: तालुक्याचं गाव. बँकेबाहेर रांग.)

२००५ साली संसदेनं देशासाठी असाच कायदा केला, वर्षाला कुटुंबामागे १०० दिवसांचा. 'हमी' हा शब्द तोवर महाराष्ट्राच्या रानात पंचवीस-तीस वर्षं रुळलेला होता. बाजाराच्या दिवशी रोख हातात पडणारा पगार आता खात्यात जमा होतो. त्यामुळे मधल्या हातांची संख्या घटली हे खरं, पण पैसे कधी येतील ते बाईला कुणी सांगत नाही. रांगेत उभं राहायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा.

टिकावाच्या दांड्यानं घासून गेलेल्या रेघा यंत्राला दिसत नाहीत. ती अंगठा पदराला पुसते. पुन्हा ठेवते.