गुरुवारी साडेतीन वाजता

मित्रहो, अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्सला गेलात तर प्लाझा दे मायो चुकणारच नाही. मेट्रोची 'ए' लाइन त्या चौकातच येऊन संपते. १९१३ साली सुरू झालेली ही लॅटिन अमेरिकेतली पहिली मेट्रो. जिना चढून वर आलं की गुलाबी कासा रोसादा दिसते, राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय. चौकाच्या दुसऱ्या टोकाला काबिल्दो, म्हणजे जुनी नगरसभा. २५ मे १८१० रोजी स्पेनच्या व्हाइसरॉयला बाजूला सारून इथलं पहिलं सरकार बसलं, ते याच इमारतीत. पुढे रुंद रस्ते काढताना तिचे दोन्ही बाजूंचे भाग पाडले. अकरा कमानींपैकी आज पाचच उरल्यात.

हे सगळं कुठल्याही दिवशी बघता येतं. पण माझं ऐकाल तर गुरुवारीच जा, दुपारी साडेतीनला.

मार्च १९७६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि माणसं नाहीशी होऊ लागली. रात्री घरात शिरून तरुण मुलामुलींना उचलून न्यायचे. पोलिसांकडे जा, मंत्रालयात जा, चर्चमध्ये जा, उत्तर एकच: आम्हाला माहीत नाही. त्या कचेऱ्यांच्या दारात खेटे घालणाऱ्या आयांची एकमेकींशी ओळख झाली. त्यांतल्या असुसेना व्हिजाफ्लोर म्हणाल्या, एकेकटीने विचारून काही होत नाही, आपण चौकात जाऊ. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा जणी आल्या.

आणीबाणीत जमावाला बंदी होती. पोलीस म्हणाले, इथे उभं राहायचं नाही, चालत राहा. मग त्या हातात हात घालून दोघीदोघी चालू लागल्या, मधल्या स्मारकाभोवती, गोल. हुकूम पाळला, पण चौक सोडला नाही. मला हे फार मोठं वाटतं. पुढे गर्दीत एकमेकी ओळखू याव्यात म्हणून डोक्याला पांढरं कापड बांधायचं ठरलं. ते कापड कुठलं? तान्ह्या बाळाच्या लंगोटाचं. आज त्याच रुमालांची पांढरी चित्रं चौकातल्या फरशीवर रंगवलेली आहेत.

डिसेंबर १९७७ मध्ये असुसेनांनाही पळवलं. त्यांना विमानातून समुद्रात टाकलं होतं. किनाऱ्याला लागलेला देह बेवारस म्हणून पुरला गेला, आणि त्याची ओळख पटायला २००५ साल उजाडलं. त्यांच्या अस्थी त्याच स्मारकाच्या पायथ्याशी ठेवल्या आहेत.

आयांची ती फेरी आजही दर गुरुवारी साडेतीनला निघते. मी गेले तेव्हा कडेला उभी राहून बघत होते. एका बाईंनी हाताने खूण केली, तशी मी त्यांच्या शेजारून चालू लागले. पुढे चाकाच्या खुर्चीत एक खूप म्हाताऱ्या आई होत्या, रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट. कोणीतरी नावं वाचत होतं. प्रत्येक नावाला सगळे एका सुरात म्हणायचे, 'प्रेसेन्ते'. म्हणजे हजर. शाळेत आपण म्हणायचो ना, अगदी तसंच. मानवाधिकार संघटना बेपत्ता माणसांचा आकडा तीस हजार सांगतात. दुसऱ्या फेरीपासून मीही 'प्रेसेन्ते' म्हणू लागले. फेरी संपली, खुर्ची हळूहळू रस्त्याकडे निघाली, आणि वाचणाऱ्या बाईंनी उरलेली पानं घडी घालून पर्समध्ये ठेवली, पुढच्या गुरुवारसाठी.