घडणावळ

(दृश्य: तळहातावर बंदुकीच्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी.)

ही पुंगळी नीट बघा. करंगळीपेक्षा बारीक, जेमतेम पावणेदोन इंच लांब. बुडाशी अक्षरं ठोकलीत: एल सी, सालाचे दोन आकडे आणि वर्तुळात एक क्रॉस. एल सी म्हणजे लेक सिटी, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात 1941 मध्ये उभा राहिलेला लष्करी दारूगोळा कारखाना. क्रॉस ही नाटोची खूण. तोंडाशी जो निळसर-तपकिरी डाग दिसतो, तो बार उडाल्यामुळे पडलेला नाही. पितळ तिथे मऊ राहावं म्हणून कारखान्यातच ते तापवतात, आणि लष्करी मालावरचा तो रंग घासून काढत नाहीत.

70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. बार उडाला की हे पितळ क्षणभर फुगतं, बंदुकीच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. लगेच किंचित आक्रसतं, म्हणूनच पुंगळी बाहेर पडते. दारू जळून गेली, गोळी निघून गेली, पुंगळी मात्र धड राहिली.

(दृश्य: सरावाच्या मैदानावर पुंगळ्यांचा खच.)

हा खच अमेरिकी लष्कर वेचून घेतं आणि जास्तीचा माल म्हणून विकतं. घेणारे असतात रीलोडर. कुणी घरच्या गॅरेजमध्ये स्वतःपुरती काडतुसं भरतं, कुणाचा त्यावर छोटा कारखाना चालतो.

(दृश्य: बाकाला जखडलेलं, हाताने चालवायचं दाबयंत्र. पुंगळीच्या बुडातली जुनी टोपी निघून खाली पडते.)

काम चिकाटीचं आहे. आधी उडालेली टोपी, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली छोटी वाटी, काढायची. लष्करी पुंगळीत टोपी निसटू नये म्हणून भोवतीचं पितळ आत दाबलेलं असतं. ती कडा साफ केल्याशिवाय नवी टोपी बसतच नाही. मग फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, लांबी वाढली असेल तर कापायची. नवी टोपी, तोलून घेतलेली दारू, वर गोळी. असं एकाच पुंगळीचं अनेकदा होतं.

आपल्याकडे पितळेचं पातेलं मोडीत घालताना जीव हळहळतो, कारण धातूचे पैसे मिळतात, घडणावळ मात्र बुडते. मार्च 2009 मध्ये अमेरिकेतल्या रीलोडरांची हळहळ हीच होती.

बराक ओबामा निवडून आल्यापासून बंदुकांवर निर्बंध येणार या धास्तीने लोक काडतुसांचा साठा करत होते. दुकानांतल्या फळ्या रिकाम्या होत होत्या. नेमक्या त्याच वेळी जॉर्जिया राज्यातल्या व्हिला रिका गावच्या जॉर्जिया आर्म्स या कंपनीला कळवण्यात आलं की लष्करी पुंगळ्या यापुढे चेचून निकामी कराव्या लागतील. जुन्या पुंगळ्यांतून काडतुसं भरणाऱ्या कंपनीने चेचलेलं पितळ घेऊन करायचं काय?

यासाठी कुठलाही नवा कायदा झाला नव्हता. संरक्षण खात्याच्या प्रत्येक वस्तूला एक संकेतांक असतो. वस्तू तशीच विकायची की आधी निकामी करायची, हे त्यावरून ठरतं. पुंगळ्यांचा गट बदलला, एवढंच.

या सावधगिरीमागे खरं कारण होतं, हेही सांगायला हवं. एफ-14 विमानांचे सुटे भाग इराणच्या हाती पडतील या भीतीने 2007 मध्ये त्यांची विक्री थांबवावी लागली होती. पण अमेरिकेत तशीच कोरी पुंगळी दुकानात राजरोस विकत मिळते. तिला आणि लढाऊ विमानाच्या भागाला एकाच मापाने मोजणं मला अजिबात पटत नाही.

(दृश्य: वॉशिंग्टन, कॅपिटॉलची इमारत.)

रीलोडर आणि नेमबाज खवळले. 17 मार्चला मॉन्टाना राज्याचे दोन्ही सिनेटर, मॅक्स बॉकस आणि जॉन टेस्टर, यांनी संरक्षण खात्याला पत्र पाठवून हा निर्णय मागे घ्यायला सांगितलं. एरवी सरकारी कागद महिनोन्‌महिने फिरतो. इथे त्याच दिवशी उत्तर आलं: 50 कॅलिबर, म्हणजे अर्ध्या इंच जाडीच्या गोळीच्या, आणि त्याहून लहान पुंगळ्या पुन्हा विकता येतील.

पण संकेतांक एकदा बदलला तसा पुन्हाही बदलू शकला असता. म्हणून पुढे संरक्षण खात्याच्या वार्षिक खर्चाच्या कायद्यातच कलम आलं. ज्यांच्या विक्रीला कायद्याने बंदी नाही, अशी लहान शस्त्रांची काडतुसं किंवा त्यांचे भाग नष्ट करण्यावर पैसा खर्च करायचा नाही. करायचाच असेल, तर ते निरुपयोगी किंवा धोकादायक असल्याचं लष्कराच्या सचिवांनी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याने प्रमाणित करायला हवं.

(दृश्य: पुन्हा तोच बाक. दिव्याखाली पुंगळी बोटांत फिरते.)

रीलोडर प्रत्येक पुंगळी अशी उजेडात धरून बघतो. हिच्या मानेला केसाएवढी चीर गेली आहे. ही आता मोडीच्या बादलीत जाईल.

(बादलीत पितळ पडल्याचा आवाज. तो पुढची पुंगळी उचलतो.)