जुळवणीच्या खालचे थर

श्रोतेहो, नमस्कार.

मोबाइल फोनच्या खोक्यावर बारीक अक्षरांत 'मेड इन इंडिया' असे छापलेले असते आणि ते खोटे नसते. तो फोन भारतातल्या कारखान्यातच तयार होऊन, तपासला जाऊन बाहेर पडलेला असतो. मात्र त्याचे मागचे झाकण उघडले, तर आतला पडदा, प्रोसेसर, मेमरी आणि कॅमेऱ्याचा सेन्सर या चार महागड्या वस्तू बहुतेक वेळा परदेशातून आलेल्या आढळतात. मग हा फोन आपण बनवला म्हणायचे की नुसता जुळवला? या प्रश्नावर आपल्याकडे एक तर अभिमानाने बोलले जाते, नाही तर कुत्सितपणे. मला हे दोन्ही सूर बाजूला ठेवून, जुळवणी म्हणजे नेमके काय आणि तिच्या खाली आणखी किती थर असतात, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आधी जुळवणीच्या कारखान्यात जाऊ. जुळवणी म्हणजे चार स्क्रू पिळणे, अशी समजूत असेल तर ती जुनी आहे. उघडा सर्किट बोर्ड यंत्रात शिरतो. पोलादाच्या पातळ, छिद्रे पाडलेल्या पत्र्यातून त्याच्यावर सोल्डरची, म्हणजे भाग जोडणाऱ्या वितळत्या मिश्रधातूची, पेस्ट नेमक्या ठिकाणी उमटवली जाते. पुढचे यंत्र रिळांवर गुंडाळून आलेले सुटे भाग तासाला हजारोंच्या संख्येने उचलून त्या पेस्टवर ठेवत जाते. आणि मग तो बोर्ड एका लांब भट्टीतून सरकतो, जिथे साधारण 240 ते 250 अंश सेल्सिअसला पेस्ट वितळून प्रत्येक भाग आपल्या जागी पक्का होतो. या कामाला शिस्त लागते, धूळ आणि आर्द्रता यांवर ताबा लागतो आणि अनुभवी तंत्रज्ञ लागतात. तेव्हा जुळवणीला क्षुद्र लेखण्याचे कारण नाही. पण एवढे खरे, की ही सगळी यंत्रे विकत मिळतात, ती कशी चालवायची हे यंत्र विकणाराच शिकवतो आणि शेजारच्या देशाने हीच यंत्रे घेतली, तर काही महिन्यांत तोही हे काम करू लागतो.

आता त्या रिळावरचा एकच भाग घेऊ. त्याला सिरॅमिक कपॅसिटर म्हणतात; तो थोडी वीज क्षणभर साठवतो आणि सोडतो. त्याचा एक प्रचलित आकार एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. एका स्मार्टफोनमध्ये असे शेकडो कपॅसिटर असतात आणि एकेकाची किंमत पैशांत मोजावी इतकी किरकोळ असते. दिसायला हा मातीचा कण. पण त्याच्या पोटात बेरियम टायटनेटच्या भुकटीचे आणि निकेलचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात, कधी कधी शेकड्यांनी, आणि ते सगळे एकत्र भाजताना ना फुटले पाहिजेत ना एकमेकांपासून सुटले पाहिजेत. ही भुकटी किती बारीक असावी, तिच्यात काय मिसळावे, भट्टीचे तापमान कोणत्या गतीने चढवावे, हे ज्ञान जपान, दक्षिण कोरिया आणि तैवानमधल्या मोजक्या कंपन्यांनी कित्येक दशके घालवून मिळवले आहे आणि त्यातले बरेचसे त्यांनी कुठे लिहूनही ठेवलेले नाही. शिवाय हे कपॅसिटर अब्जांच्या संख्येने बनवले तरच परवडतात. जुळवणी आणि उत्पादन यांच्यातले अंतर मला या दाण्यात जितके स्पष्ट दिसते, तितके मोठमोठ्या आकड्यांत दिसत नाही.

हेच उघड्या सर्किट बोर्डाचे. काचतंतूंचे कापड, इपॉक्सी राळ आणि तांब्याचा वर्ख यांपासून एक पत्रा तयार होतो, त्या पत्र्यापासून बोर्ड, आणि बोर्डावर मग जुळवणी. बोर्ड देशात बनला पण पत्रा बाहेरून आला, तर तो देशी म्हणायचा का? प्रत्येक थराखाली आणखी एक थर निघतो, आणि सर्वांत तळाशी पोहोचलेला देश जगात एकही नाही. अतिसूक्ष्म चिप छापणारी यंत्रे नेदरलँड्समधली एकच कंपनी बनवते आणि तीही आरसे जर्मनीतून आणते. त्यामुळे शंभर टक्के स्वदेशी हा आग्रह या क्षेत्रात निरर्थक ठरतो. आपण कोणत्या थरापर्यंत उतरलो आहोत आणि तिथून खाली जाण्याची वाट मोकळी आहे की नाही, एवढेच विचारण्यात अर्थ आहे.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या विकासाचा विचार करण्यासाठी डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली 1963 साली समिती नेमली गेली आणि तिच्या 1966 सालच्या अहवालाचा रोख स्वावलंबनाकडे होता. त्या काळी परवाने, आयातबंदी आणि लहान उद्योगांसाठी राखीव उत्पादने या चौकटीत कारखाने उभे राहिले. भाग देशात बनत, पण थोडे आणि महाग. मग 1982 साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि एकदम एवढे संच आणायचे कुठून, हा पेच पडला. उत्तर निघाले किटचे. परदेशातून सुट्या भागांचे संच आले, ठिकठिकाणच्या छोट्या कारखान्यांत ते जुळले आणि घरोघरी रंगीत टीव्ही पोहोचला. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण किट आणून जुळवणे हा तात्पुरता उपाय असतो असे धरून चालणे किती भोळेपणाचे आहे, हेही तेव्हाच कळायला हवे होते.

दुसरा धक्का करातून बसला. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील आयातकर हटवण्याच्या जागतिक करारावर भारताने 1997 साली सही केली आणि 2005 पर्यंत त्या यादीतल्या वस्तूंवरचा आपला कर शून्यावर आला. तयार यंत्र करमुक्त, आणि ते इथे बनवू पाहणाऱ्याला लागणारे रसायन, प्लास्टिक, धातू मात्र करपात्र, अशी उलटी रचना काही वस्तूंच्या बाबतीत निर्माण झाली. अशा वेळी कारखानदाराने कारखाना बंद करून आयातीचा व्यापार सुरू केला, तर त्याला दोष देता येत नाही.

ही रचना सुलटी करण्याचा पद्धतशीर प्रयत्न 2017 साली मोबाइलच्या टप्प्याटप्प्याच्या उत्पादन कार्यक्रमातून झाला. आधी चार्जर आणि बॅटरी, मग बोर्ड आणि कॅमेरा, त्यानंतर पडदा, अशा क्रमाने आयातीवर कर चढवत जायचे, म्हणजे एकेक काम देशात येईल, अशी ती कल्पना होती. 2018 साली भाग बसवलेल्या तयार बोर्डावर दहा टक्के कर लागला आणि मघाशी वर्णन केलेल्या भट्ट्या आणि यंत्रे भारतात येऊ लागली. पाठोपाठ 2020 साली उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली, जिच्यात वाढीव विक्रीवर चार ते सहा टक्के रक्कम सरकारने द्यायची होती. परिणाम डोळ्यांना दिसतो. 2024-25 मध्ये भारतातून झालेली मोबाइलची निर्यात 2 लाख कोटी रुपयांच्या घरात गेली.

यावर रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी 2023 साली सहकाऱ्यांसह एक टिपण लिहून आक्षेप घेतला. फोनची निर्यात वाढली हे खरे, पण त्यासाठी लागणाऱ्या भागांची आयातही वाढली. मग देशाच्या पदरात उरले किती, असा त्यांचा सवाल होता. सरकारच्या बाजूने उत्तर आले, की आयात होणारे सगळे भाग काही फोनमध्येच जात नाहीत आणि जुळवणी ही पहिली पायरी आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला अर्धे पटते. राजन यांनी विचारलेला हिशेब विचारायलाच हवा. तो किती निष्ठुर असतो, हे आशियाई विकास बँकेच्या संशोधन संस्थेने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दिसते. आयफोन 3जी चीनमध्ये जुळत असे आणि चीनमधून निर्यात होताना त्याची सगळी किंमत चीनच्या नावावर लागत असे. प्रत्यक्षात त्याच्या 178.96 डॉलर उत्पादनखर्चापैकी चीनमधल्या जुळवणीची मजुरी होती अवघी साडेसहा डॉलर.

पण याच चीनने पुढे पडदे, बॅटऱ्या, बोर्ड, कॅमेऱ्याची भिंगे असे करत खालचे थर हस्तगत केले. कोरियाने आणि तैवाननेही तेच केले. तैवानच्या सरकारी संशोधन संस्थेने 1976 साली अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिपनिर्मितीचे तंत्र घेतले, तिथे तयार झालेली माणसे उद्योगात गेली आणि 1987 साली टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी उभी राहिली. म्हणजे पायरी हा शब्द चुकीचा नाही. मात्र पहिल्या पायरीवर उभे राहिल्याने दुसरी पायरी आपोआप पायाखाली येते, हे गृहीतक चुकीचे आहे.

कारण कोणता भाग कुठून घ्यायचा, हे जुळवणारा कारखाना ठरवत नाही. प्रत्येक उपकरणाची एक यादी असते, धंद्यातले लोक तिला 'बॉम' म्हणतात, म्हणजे बिल ऑफ मटेरिअल. प्रत्येक कपॅसिटर, प्रत्येक कनेक्टर, अगदी स्क्रूसुद्धा कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या क्रमांकाचा, हे तिच्यात लिहिलेले असते. ही यादी उपकरणाचा आराखडा करणारा लिहितो. एखाद्या भारतीय कारखान्याने तितकाच चांगला कनेक्टर बनवला, तरी परदेशातल्या आराखडाकाराची मंजुरी मिळेपर्यंत, म्हणजे नमुने, चाचण्या आणि तपासण्या या सगळ्यांतून जाऊन काही महिने किंवा वर्षे लोटेपर्यंत, इथला जुळवणारा तो वापरू शकत नाही. स्वदेशीची चर्चा कर आणि अनुदान यांच्याभोवती फिरत राहते आणि या यादीकडे मात्र क्वचितच वळते, याचे मला नेहमी नवल वाटते.

यादी आपल्या हातात असली की काय होते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. 1984 साली सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी 128 लाइनचे स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. त्यातले मायक्रोप्रोसेसर परदेशीच होते. पण खेड्यात वातानुकूलन नसते हे गृहीत धरून आराखडा इथे झाला, यादी इथे लिहिली गेली आणि तंत्र अनेक भारतीय कारखान्यांना दिले गेले. आयात चिप वापरूनही ते यंत्र, माझ्या मते, आजच्या अनेक 'मेड इन इंडिया' वस्तूंपेक्षा अधिक भारतीय होते.

टक्केवारीच्या हिशेबातही मेख असते. सरकारी खरेदीच्या 2017 सालच्या आदेशानुसार ज्याच्या वस्तूत निदान पन्नास टक्के स्थानिक मूल्य आहे, तो पहिल्या वर्गाचा पुरवठादार ठरतो. आता परदेशी चिप इथल्या व्यापाऱ्याकडून रुपयांत घेतली आणि तिचे बिल स्थानिक खर्चात दाखवले तर? अशी आयात वस्तू स्थानिक धरू नये, असे स्पष्टीकरण सरकारला नंतर काढावे लागले. टक्क्यांचे नियम केले की टक्के जमवण्याची कलाही पाठोपाठ येते.

मात्र खोल उतरण्यातला धोकाही सांगितला पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, चितेगावला टीव्हीचे कारखाने चालवणारी व्हिडिओकॉन कंपनी जुळवणीवर थांबली नव्हती. तिने भडोचला जुन्या, जाड टीव्हीतल्या चित्रनलिकेची काच बनवली आणि 2005 साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा जागतिक व्यवसायही विकत घेतला. सल्ला विचारणाऱ्याला आपण जे सांगू, नेमके तेच तिने केले होते. पण काही वर्षांतच सपाट पडद्यांनी चित्रनलिका हद्दपार केली. कंपनीच्या पुढील आर्थिक अडचणींची बाकीची कारणे आजचा विषय नाहीत. चित्रनलिकेची भट्टी मात्र दुसऱ्या कशालाही उपयोगी पडत नाही, हे खरे. ज्याने नुसती जुळवणी केली, त्याने नलिकेच्या जागी आयात केलेला पडदा बसवला आणि तो पुढे गेला. आज टीव्हीच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून मोठा वाटा त्या पडद्याच्या पॅनेलचा असतो आणि ते बाहेरूनच येते.

मार्च 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुट्या भागांसाठी 22,919 कोटी रुपयांची स्वतंत्र योजना मंजूर केली, याचा अर्थ पहिली पायरी पुरेशी नाही हे सरकारलाही मान्य आहे. गुजरातमधल्या धोलेरा येथे टाटा समूह तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीच्या तंत्राने 91,000 कोटी रुपयांचा चिप कारखाना उभारतो आहे. त्यात कोणाच्या आराखड्याच्या चिप छापल्या जातील, तिकडे माझे लक्ष राहील. कारण बंगळुरू, हैदराबाद आणि पुण्यात हजारो भारतीय अभियंते आजही चिपचे आराखडे करतात; टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूला 1985 सालीच केंद्र उघडले होते. पण त्या आराखड्यांची मालकी बहुतांशी परदेशी कंपन्यांकडे असते.

पंजाबातल्या मोहालीला सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यात 1984 साली चिपचे उत्पादन सुरू झाले होते, टीएसएमसीच्या जन्माच्या तीन वर्षे आधी. फेब्रुवारी 1989 मध्ये तो आगीत जळाला आणि नव्याने उभा राहीपर्यंत जग फार पुढे निघून गेले. त्याच जागी इस्रोच्या अभियंत्यांनी आराखडा केलेला 'विक्रम' नावाचा 32 बिटचा प्रोसेसर तयार झाला आणि तो सप्टेंबर 2025 मध्ये जाहीरपणे दाखवण्यात आला. तो 180 नॅनोमीटर तंत्राचा आहे (हा आकडा जितका लहान, तितके चिप छापण्याचे तंत्र नवे), म्हणजे मोबाइलच्या हिशेबाने पंचवीसएक वर्षे जुना. पण अग्निबाणाला वेगापेक्षा भरवसा महत्त्वाचा असतो आणि तेवढ्यासाठी तो पुरेसा आहे. त्याचा आराखडा आणि छपाई दोन्ही इथली आहेत. गिऱ्हाईक मात्र इस्रो स्वतःच आहे आणि दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही खोक्यात तो तुम्हाला सापडणार नाही.

नमस्कार.